वडगाव ते उद्यमबाग: सायकल, बस आणि हिरव्या पाटीची गाडी

विचारणारे गृहस्थ बेळगावातल्या वडगावचे. उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत कामाला आहेत आणि रोज सायकलने जातात. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. टिळकवाडीतल्या कॉलेजला जायला तिला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. स्टॉपजवळ बस सायकलला दाबते, तेव्हा काय करायचे? मुलीने गाडी सायकलींच्या बाजूने चालवायची की मोटारसायकलींबरोबर? आणि आपल्या अरुंद रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी वाट कधी होऊ शकते का?

मी ३१ वर्षे बस चालवली. आधी खेड्यांच्या फेऱ्या, मग बराच काळ शहरातल्या, आणि शेवटची ९ वर्षे नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे काम केले. निवृत्त झाल्यापासून मी स्वतः सायकलवर असतो. त्यामुळे आरशाच्या आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू मला माहीत आहेत. तिन्ही प्रश्नांना धरून मला सांगायचे आहे ते एवढेच की वाहन कोणत्या जातीचे आहे हे पाहून रस्ता वाटायला गेलात तर भांडण मिटणार नाही. वेग पाहून वाटलात तर आहे त्या रस्त्यातही बरेच जमते.

आधी बसचे बोलतो, कारण जीव तिथे जातो.

बसची लांबी साधारण १२ मीटर, रुंदी अडीच मीटरच्या वर. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. तुम्ही येता डावीकडून. म्हणजे त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून तुम्ही पुढे घुसता, आणि तो कोपरा त्याला दिसतो फक्त आरशातून, तोही अर्धवट. डावा आरसा बसच्या अंगालगतची एक पट्टी दाखवतो. पुढच्या दाराच्या अगदी खाली, काचेच्या डाव्या कोपऱ्याखाली सायकल असेल तर ती ना आरशात येते, ना काचेतून दिसते. त्यात शाळा सुटायच्या वेळेला दारात माणसे उभी असतील तर काचेतून दिसणारा तुकडाही गेला. म्हणून एक गोष्ट पक्की धरा. बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

दुसरी गोष्ट वळणाची. बस डावीकडे वळते तेव्हा मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, ते आत कापत येते. हे आम्हाला माहीत असते, म्हणून कोपऱ्यावर आम्ही आधी बस थोडी सरळ पुढे काढतो आणि मग वळवतो. सायकलवाल्याला वाटते, बस सरळ चालली, डावीकडे जागा झाली. तो त्या जागेत शिरतो. आणि ती जागा मागच्या चाकाची असते.

माझ्याच हातून हे झाले आहे. २००९ चा जुलै, गोवावेसचा कोपरा, बारीक पाऊस. तेव्हा आठवीत सरकारकडून मिळायची ती सायकल घेऊन एक मुलगा माझ्या डाव्या बाजूने आत आला. वळायला सुरुवात करताना मी आरशात पाहिले होते. वळताना पुन्हा पाहिले नाही. मागून कंडक्टर ‘होल्डान, होल्डान’ (थांब, थांब) म्हणून जिवाच्या आकांताने ओरडला आणि मी ब्रेकवर उभा राहिलो. खाली उतरलो तर सायकलचे पुढचे चाक बसच्या मागच्या चाकाखाली पापडासारखे झालेले, आणि मुलगा दप्तरासकट फुटपाथवर उडी मारून उभा, ओठ पांढरे पडलेले. चूक माझी होती. पुढे शिकवायला लागलो तेव्हा प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी हेच सांगितले: डावे वळण म्हणजे तीनदा आरसा. वळायच्या आधी, वळताना आणि मागचे चाक कोपरा ओलांडताना.

आता तुमचा स्टॉपचा प्रश्न. शहरातली बस दोन स्टॉपांमध्ये तुमच्यापेक्षा जोरात जाते आणि प्रत्येक स्टॉपवर थांबते. तुम्ही न थांबता हळू जाता. दोघांची सरासरी जवळपास सारखीच पडते. म्हणून एकच बस तुम्हाला चार वेळा मागे टाकते, तुम्ही तिला चार वेळा मागे टाकता, आणि प्रत्येक वेळी ती तुमच्या पुढ्यात डावीकडे घुसते. ड्रायव्हरांना मी शिकवत असे की स्टॉप दिसायला लागला आणि पुढे सायकल असली तर तिला ओलांडायचे नाही. शेवटचे ५० मीटर तिच्या मागेच राहायचे. फार तर दहा सेकंद जातात. सगळे ऐकतात असे मी म्हणणार नाही. फेरीची वेळ डोक्यावर बसलेली असते, आणि मागून हॉर्नवर हॉर्न सुरू असतात.

तुम्ही काय करायचे? स्टॉपवर बस उभी असली की तिच्या मागे थांबा. डावीकडून कधीच जाऊ नका, तिथे माणसे उतरतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसप्रवास फुकट आहे, तेव्हापासून चढणारी-उतरणारी माणसे वाढली आहेत. येळ्ळूर, कडोली, उचगावकडच्या बायका भाजीची पाटी घेऊन उतरतात तेव्हा पाटी आधी खाली येते, मग त्या येतात. त्यांची नजर पायरीवर असते. तिथे सायकल आली तर दोघेही पडणार. उजवीकडून जायचे असेल तर एकदा मागे वळून पाहा, हात दाखवा आणि बसच्या अंगापासून हातभर लांबून जा. पण बसचा उजवा इंडिकेटर लागला असेल किंवा आतून कंडक्टरचे ‘राईट राईट’ (चला) ऐकू आले असेल, तर जाऊ नका. तिला निघू द्या.

तुम्ही डावीकडे अगदी कडेला चिकटून चालवत असाल तर तेही सोडा. आपल्याकडे कडेला काय असते ते तुम्ही रोज पाहता. पाइपलाइनसाठी खणून कसाबसा बुजवलेला चर, वाळू, डांबर आणि माती यांच्यामधली चार बोटांची पायरी, आणि गटारीच्या जाळ्या. काही जाळ्यांचे गज रस्त्याच्या दिशेने असतात आणि सायकलचे चाक त्यात बरोबर बसते. कडेने जाणारा माणूस असे काही आले की अचानक उजवीकडे येतो, आणि मागच्या ड्रायव्हरला तेच कळत नाही. कडेपासून तीन फूट आत, एका सरळ रेषेत चालवा. उभ्या मोटारींजवळूनही तेवढेच अंतर ठेवा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. बसवाल्याला वाटते तुम्ही वाट अडवली. पण सरळ जाणारा सायकलवाला त्याला आधीपासून दिसतो, आणि दिसणाऱ्या माणसाला कोणी चिरडत नाही.

उड्डाणपुलाचे मात्र वेगळे आहे. कपिलेश्वरचा असो की तिसऱ्या रेल्वे गेटचा, चढावर सायकल ताशी आठ-दहा किलोमीटरवर येते आणि झोकांड्या खाते. मागे बस असली की तुम्ही घाबरून आणखी जोर लावता आणि आणखी डुलता. तसे वाटले तर उतरा आणि कठड्याच्या बाजूने सायकल ढकलत न्या. त्यात कमीपणा नाही. मी तसेच करतो.

आता मुलीच्या गाडीचे. यात तुम्हाला आधी घरी जाऊन एक गोष्ट पाहायची आहे: गाडीला नंबर प्लेट आहे का?

इलेक्ट्रिक दुचाकी कायद्याने दोन प्रकारच्या आहेत. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नियमांप्रमाणे ती मोटार वाहनात धरत नाहीत. तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही, नंबर नसतो. त्याच्या वरची प्रत्येक गाडी मोटार वाहन. तिला हिरवी पाटी, त्यावर पांढरी अक्षरे. लायसन्स, विमा, हेल्मेट, सगळे पेट्रोलच्या गाडीसारखेच. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि दिसायलाही सारख्याच असतात, म्हणून घोटाळा होतो.

पाटी नसेल तर तिने सायकलींबरोबर, डावीकडून, सायकलच्या शिस्तीने जावे. पाटी हिरवी असेल तर ती मोटारसायकल आहे आणि तिने मोटारसायकलींबरोबरच जायचे. इलेक्ट्रिक आहे, आवाज नाही, धूर नाही, म्हणून सायकलींमध्ये घालायची नाही. आणि पीयूसीच्या वयाची आहे म्हणून हेही सांगतो. अल्पवयीन मुलाने लायसन्सशिवाय मोटार वाहन चालवले आणि काही झाले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ पालकावर येते. २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही शोरूममधून काय आणले ते आजच पाहा.

आणखी एक धोका आहे. कमी वेगाची म्हणून घेतलेली गाडी नंतर कुठेतरी नेऊन तिचा वेग ‘खोलून’ घेतात. पाटी नाही, लायसन्स नाही, आणि वेग ४०-४५. मग ती सायकलींमध्येही बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही. मुलीच्या मैत्रिणी करून घेतात म्हणून तिने मागितले तर नाही म्हणा.

वेगावर मी एवढा का अडतो? ताशी २० ने जाणाऱ्या गाडीसमोर कोणी आले तर दचकून ब्रेकवर हात जाईपर्यंत एक सेकंद, तेवढ्यात साडेपाच मीटर. मग थांबायला आणखी तीन. म्हणजे कोरड्या रस्त्यावर नऊ मीटरच्या आत गाडी उभी. ताशी ४० ला तोच हिशेब २३ मीटरवर जातो. वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर चौपट होतो. १५ ने जाणाऱ्या सायकलशेजारून २० ने जाणारी गाडी निघून गेली तर तुमचे लक्षही जात नाही. ४५ ने गेली तर वाऱ्यानेच हँडल हलते. आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता कोरडा असतो कधी?

इलेक्ट्रिक गाडीला दोन सवयी आहेत. मूठ पिळली की पहिल्याच क्षणी सगळा जोर मिळतो, पेट्रोलच्या गाडीसारखी ती हळूहळू उठत नाही. चन्नम्मा सर्कलला हिरवा लागल्याबरोबर सगळ्यात पुढे जी उडी मारते, ती बहुधा हिरव्या पाटीचीच असते, आणि नेमके त्याच वेळी शेवटचा पादचारी अजून रस्त्यात असतो. दुसरी सवय आवाज नसण्याची. आपल्या गावात म्हातारी माणसे रस्ता कानाने ओलांडतात. सोमवारी कपिलेश्वराच्या देवळाजवळ उभे राहून बघा. हातात दुर्वा-बेलाची पिशवी, मान खाली, आणि आवाज थांबला की पाऊल पुढे. त्यांच्या लेखी ही गाडी नाहीच. मुलीला सांगा, गल्लीतून जाताना म्हातारे माणूस दिसले की मूठ सोडायची आणि एकदा हलका हॉर्न द्यायचा. लांबून द्यायचा, जवळ येऊन दचकवायचे नाही.

वेगाचे हे सूत्र माझ्या डोक्यातून आलेले नाही. जर्मनीने २०१९ मध्ये उभ्याने चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरना परवानगी दिली, ती ताशी २० च्या मर्यादेत, आणि जागा दिली सायकलींच्या वाटेवर. पॅरिसने २०२१ च्या ऑगस्टअखेर शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर सगळ्याच वाहनांना ३० ची मर्यादा घातली. त्याच पॅरिसमध्ये अशा उभ्याने चालवायच्या भाड्याच्या स्कूटर फुटपाथवर कुठेही पडू लागल्या, तेव्हा २०२३ मध्ये लोकांचे मत घेऊन त्या बंद केल्या.

तिसरा प्रश्न, वेगळ्या वाटेचा. इथे मला थोडे कडू बोलावे लागेल.

हुबळी-धारवाडला बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘चिगरी’ बस सुरू झाली. आपल्याकडे तसे करा, असे लोक म्हणतात. तो दोन शहरांना जोडणारा, रुंद करून घेतलेला रस्ता आहे. आपल्या गावात बसच्या दोन वाटा मधून नेल्या तर शहापूर, वडगावच्या रस्त्यांवर बाकी काही उरणारच नाही. ते चित्र इथे बसत नाही.

पण सायकलची वाट बसते. हिशेब करून बघू. गटारीपासून गटारीपर्यंत १२ मीटरचा रस्ता घ्या. बस जाण्यासाठी दोन्ही बाजूंना सव्वातीन मीटर, म्हणजे साडेसहा. सायकलसाठी दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटर, म्हणजे साडेतीन. झाले दहा. उरलेले दोन मीटर चालणाऱ्यांना, तेही एकाच बाजूला धड मिळतात. आता त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या करा. एक उभी मोटार, दार उघडायची जागा धरून, सव्वादोन मीटर खाते. म्हणजे एका बाजूच्या मोटारींची रांग एका सायकलवाटेपेक्षा जास्त जागा घेऊन दिवसभर गप्प उभी असते. आपण बसला शिव्या देतो, सायकलवाल्याला ढकलतो, रिक्षावाल्याशी भांडतो, आणि जी गाडी हलतच नाही तिला कोणी काही म्हणत नाही.

१८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले ते याच बेळगावात. किर्लोस्कर हे नाव आजही इथल्या एका रस्त्याला आहे, आणि त्या रस्त्यावर सायकल लावायला कोपरा शोधावा लागतो. मला याचे खरेच वाईट वाटते.

सगळ्या रस्त्यांना एकच औषध लागू नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली इथे वेगळी वाट मागूच नका. तिथे सगळे एकत्रच जाणार, आणि म्हणून तिथे वेग २० च्या वर जाता कामा नये. काँग्रेस रोड उलटा आहे, सरळ आणि मोकळा. पोरे तिथेच गाड्या पळवतात. खानापूर रोडवर तर बस, उद्यमबागेचे ट्रक आणि शिफ्ट सुटल्यावर शेकड्यांनी सायकली. या दोन रस्त्यांवर नुसता पट्टा रंगवून भागणार नाही. रंगाच्या पट्ट्यावर आठ दिवसांत गाड्या उभ्या राहतात, आणि पावसात तो रंग इतका निसरडा होतो की सायकलचे चाक सरकते. तिथे मध्ये ठोस काहीतरी हवे. लहान कठडा चालेल, रबरी खांब चालतील, पण चारचाकी आत शिरता कामा नये. आणि त्या वाटेवर सायकल, अपंगांची तीनचाकी आणि पाटी नसलेली २५ च्या आतली इलेक्ट्रिक, एवढ्यांनाच सोडायचे. हिरवी पाटी बाहेर.

बसस्टॉपवर ही वाट स्टॉपच्या मागून न्यायची, म्हणजे बसचे उतारू आधी स्टॉपच्या ओट्यावर उतरतील आणि बस-सायकलचा लपंडाव संपेल. ओट्याला जागा नसेल तिथे वाट तोडायची, आणि सायकलने बसच्या मागे थांबायचे.

या सगळ्याला पैसा आणि वेळ लागतो. त्याआधी बिनपैशाचे एक काम आहे. बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या रिक्षा आणि दुचाकी हलवणे. स्टॉप अडलेला असला की ड्रायव्हरला बस रस्त्याच्या मधोमध थांबवावी लागते, उतारू चालत्या गाड्यांमध्ये उतरतात, आणि सायकलवाल्याला ना डावीकडे जागा ना उजवीकडे. बस मुद्दाम दाबते असे तुम्हाला वाटते, त्यातल्या निम्म्या वेळा तिला कडेला यायला जागाच नसते. तुमच्या गल्लीतले चार-सहा सायकलवाले मिळून महापालिका आणि वाहतूक पोलीस, दोघांकडे अर्ज द्या. स्टॉपचे नाव, वेळ आणि फोटो जोडा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या आणि सोबत मराठी प्रत लावा. फाइल ज्या टेबलावर जाते तिथे ती वाचली गेली पाहिजे. पोच घ्यायला विसरू नका. पंधरा दिवसांनी पोच दाखवून पुन्हा जा.

दुसऱ्या गेटचे विचारले नाहीत, पण मुलगी तिथून जात असेल. गेट पडले की दोन्ही बाजूंना रस्ता भरून दुचाक्या उभ्या राहतात, आणि उघडले की समोरासमोर येतात. तिला सांगा, गेटला पुढे घुसायचे नाही. डाव्या रांगेत थांबायचे आणि पहिली लाट जाऊ द्यायची. रूळ ओले असतील तर आडवे ओलांडायचे, तिरके नाही. तिरक्या चाकाला ओला रूळ फेकून देतो.

शेवटी, तिला एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवा. डेपोत मी शिकाऊ ड्रायव्हरला सीटवर बसवायचो आणि दुसऱ्याला सायकल घेऊन बसभोवती फिरवायचो. सायकल आरशातून गेली की सीटवरच्याने ओरडायचे, आणि तिथे मी फरशीवर खडूने खूण करायचो. फेरी पूर्ण झाली की खुणा जोडायच्या. बसभोवती एक आकृती तयार व्हायची, उजवीकडे बारीक आणि डावीकडे पोट सुटल्यासारखी. मग सगळ्यांना त्या रेषेच्या आत उभे करायचो आणि आळीपाळीने सीटवर बसवून विचारायचो, किती जण दिसतात? डेपोत आत सोडतील की नाही माहीत नाही, पण तुमच्या ओळखीत स्कूलबस किंवा ट्रक चालवणारा कोणीतरी असेलच. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात गाडी उभी करायला सांगा. मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि तुम्ही तुमची सायकल घेऊन डाव्या बाजूने हळूहळू पुढे या. तुम्ही दिसेनासे झालात की तिने ओरडायचे. खडू बरोबर न्या.